वायुगळती : लक्षणे व तातडीचे उपाय
दिघी हे रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील बंदर. अशा ठिकाणी धोका केवळ कारखान्यातूनच येतो असे नाही. 14 जुलै 2010 रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले.

क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, पिवळट हिरवा असतो. तो सखल भागात साचतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, छाती आवळते. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकते, म्हणून बरे वाटले तरी रुग्णावर देखरेख हवी. बर्फ कारखान्यातील अमोनियाचा उग्र वास लगेच सावध करतो. हायड्रोजन सल्फाइड मात्र फसवा. मासळी कुजलेल्या होडीच्या बंद कप्प्यात तो साचतो, सडक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला वाचवायला विनासाधन उतरणारा दुसराही बहुधा तिथेच पडतो.

गळती दिसताच वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाऊन उंच जागा गाठावी. पावसाळ्यात कोकणात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, तरी त्या क्षणी झेंडा किंवा धूर पाहूनच दिशा ठरवावी. दूषित कपडे उतरवून अंग व डोळे किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आहेत.