ढोलकवाल्याचं नाव

१३ ऑक्टोबर १९३५. येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन व्हायोलिनवाला आपला बँड घेऊन उतरला. बँडातले सगळे काळे. समोर नाचणारे गोरे साहेब, संस्थानिक, शेठ लोक. यांच्या स्वतःच्या मुलुखात कित्येक हॉटेलं त्यांना पुढच्या दारानं आत घेत नव्हती. इथं टाळ्या. आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांना येवल्याचं काही सोयरसुतक नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या गुलामाचं गाणं यांना गोड लागतं. दारातल्या माणसाची सावली मात्र बाटवते.

ते ताज जमशेटजी टाटांनी बांधलं, १९०३ साली उघडलं. त्याच्या आधी, १८७७ साली, याच टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. माझा आजा तिथला. हुडकेश्वरात आमच्या गल्लीत अशी अजून घरं आहेत. गिरणीच्या पैशातून पोरं शिकली, पोरांनी शहराच्या टोकाला प्लॉट घेतले. मालक एकच. एका टोकाला आमचा आजा कापूस गिळत होता, दुसऱ्या टोकाला काळा माणूस ट्रंपेट फुंकत होता. दोघांची गाठ पडली नाही. पडू देणार कोण?

मी जॅझ ऐकतो. हे सांगितलं की वस्तीतले पोट्टे हसतात, "काहून बे, साहेब झाला काय?" त्यांचा दोष नाही. जॅझ म्हणजे हॉटेल, दारू, इंग्रजी बोलणारी माणसं, असंच चित्र इथल्या पांढरपेशांनी उभं केलं. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर नाव घेतलं. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली. पुस्तकं आली, नाव आलं, झेंडा आला. सूर मात्र ताजच्या दरवानानं अडवून ठेवला. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जॅझ हॉटेलात जन्मलं नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये काळ्या कष्टकऱ्यांची मंडळं होती. दर महिन्याला वर्गणी द्यायची. सभासद आजारी पडला तर मंडळ औषधपाणी बघणार, मेला तर माती करणार, आणि मयतीला बँड लावणार. जाताना संथ, दुःखाचं. परतताना उसळतं, नाचतं. त्या वर्गणीवर पितळी बाजावाले जगले. लुई आर्मस्ट्राँग लहानपणी याच मिरवणुकांच्या मागं फिरला. म्हणजे मुळात ही वस्तीची वर्गणी आहे मित्रांनो, आपल्या जयंतीसारखी.

पुढचं न्यू यॉर्कचं. तिथल्या बड्या हॉटेलांत काळ्या वादकाला ठेवायचं ते भांडी घासायला, बूट पुसायला. वाजवायचं ते वरकड, बक्षिशीवर. वेठच ही. १९१० साली जेम्स रीस युरोप आणि त्याच्या साथीदारांनी क्लेफ क्लब काढला. वादक हवा असेल तर क्लबाकडे या, ठरलेले पैसे द्या, भांडी घासणार नाही. २ मे १९१२ ला या क्लबानं कार्नेगी हॉलमध्ये शंभरावर काळे वादक बसवले. जिथं गोऱ्यांची सिंफनी चालते तिथं बँजो आणि मँडोलिन! कार्यक्रम कशासाठी, तर काळ्या मुलांच्या संगीतशाळेच्या मदतीसाठी. चौदा महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. ते गेले १९१६ ला. जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ ला, आणि ती कोणाच्या नावानं? गोऱ्यांच्या बँडच्या. पोथी आणि तबकडी, दोन्हीकडे नाव आधी कोणाचं लागतं हे आपल्याला नवीन नाही.

मिंगस हा बास वाजवणारा, भलताच तापट माणूस. १९५२ साली त्यानं ढोलवादक मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. १९५७ ला लिटल रॉक गावात नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेच्या दारात अडवायला गव्हर्नर फॉबसनं शिपाई उभे केले. मिंगसनं त्याच्यावर उघड टिंगलीचं गाणं रचलं. १९५९ ला कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर (बाबासाहेबांच्या विद्यापीठाशी हिचा संबंध नाही) ते निघालं ते बिनशब्दाचं, नुसती चाल. १९६० ला दुसऱ्या छोट्या कंपनीकडून त्यानं शब्दांसकट काढलं. आपल्या शाहिराला आकाशवाणी कुठली ओळ गाळायला सांगते, ते आठवा.

शिकागोत १९६५ साली मुहल रिचर्ड एब्रम्स वगैरेंनी संघटना काढली. नाव लांबलचक, लोक ए.ए.सी.एम. म्हणतात. नियम असा, की दुसऱ्याचं वाजवायचं नाही, स्वतः रचलेलं वाजवायचं. हॉल स्वतः ठरवायचा, तिकिटं स्वतः विकायची. १९६७ पासून वस्तीतल्या मुलांसाठी फुकट शाळा. यांचं संगीत ऐकायला सोपं नाही हं. शिट्ट्या, घंटा, डबे, मध्येच लांब शांतता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे काय चाललं? पण ज्याला चालीत बसायचंच नाही त्याचा आवाज असाच येणार. साठ वर्षं उलटली, संघटना जिवंत आहे.

आता ऐकणाऱ्यांकडे या. मला खरं बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

पॅरिसचा शार्ल दलोने. याचं वेड काय, तर कोणती तबकडी, कोणत्या तारखेला, कोणत्या शहरात वाजवली, आणि प्रत्येक वाद्यावर कोण होता, हे टिपून ठेवायचं. ड्रमवरचा, बासवरचा, मागं बसून गिटारचे ठोके देणारासुद्धा. तबकड्यांवर तेव्हा ही नावं छापत नसत. यानं वादकांना गाठून विचारलं, रसिकांना पत्रं लिहिली, आणि १९३६ साली जाडजूड यादी छापली. तिच्यावरून जगभरचे शौकीन एकमेकांना सांगू लागले, हे ऐक, ते मिळव. यादीच ती, पण तिच्यामुळं शेकडो काळे वादक निनावी मेले नाहीत.

मुंबईतही शौकीन होते. निरंजन झवेरीनं १९५२ साली 'ब्लू ऱ्हिदम' नावाचं छोटं मासिक काढलं, फार चाललं नाही. त्यानंच पुढं १९७८ साली जॅझ यात्रा उभी केली, सॉनी रोलिन्ससारखा माणूस मुंबईत येऊन वाजवून गेला. काम मोठं, नाकारत नाही. पण हे शौकीन चर्चगेटच्या पट्ट्यातले. त्यांची नजर तिकडून दादर-परळच्या पुढं आली नाही.

आणि वाजवणारे कोण? बरेचसे गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले गरीब घरचे पोरगे. शिकागोचा काळा पियानोवाला टेडी वेदरफोर्ड ताजला वाजवायचा (१९४५ ला बिचारा कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला), त्याच्यासारख्यांकडून यांनी विद्या उचलली. चिक चॉकलेट नावाचा ट्रंपेटवाला त्यातला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, त्याचा हात आहे. हॉटेलं पुरेना म्हणून हे सगळे सिनेमात शिरले. संगीतकार चाल गुणगुणणार, हे ती कागदावर उतरवणार, तीस-चाळीस वाद्यांत वाटणार. पडद्यावर नाव बहुतेक वेळा नाहीच. अँथनी गोन्साल्विस हा गोव्याच्या माजोर्ड्याचा. १९५८ साली त्यानं भारतीय रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना करून मुंबईत कार्यक्रम केला. तो प्यारेलालचा व्हायोलिनचा गुरू. १९७७ ला शिष्यानं गुरूचं नाव सिनेमाच्या गाण्यात घातलं, आणि देशाला माहीत झालं काय, तर अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ! खरा माणूस २०१२ ला गेला.

हॉटेलांना बँड परवडेना तसं मुंबईचं जॅझ आटत गेलं. माझं मत असं, की ते आटलं कारण त्याच्यामागं वस्ती नव्हती. गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक उठून दुसऱ्या टेबलावर जातं.

आपल्याकडे वस्ती होती. गावकीचं वाजवणं आपण सोडलं, ते बरोबरच केलं. ते वाजवणं नव्हतं, वेठ होती. मातंग भावांच्या गळ्यात तर हलगी जन्मतःच अडकवलेली. पण वाजवणं सोडलं म्हणून गाणं सोडलं नाही. १९३० नंतर भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचाच साचा घेतला, त्यातला देव आणि चावटपणा काढून टाकला आणि बाबासाहेबांचा विचार भरला. मग गायन पार्ट्या, दुरंगी सामने. पेटी, बँजो, ढोलक, मागं कोरस. सुपारी वर्गणीतून. गाणं लागलं की माणूस उठून पाच-दहाची नोट ठेवणार, गायक मध्येच थांबून त्याचं नाव घेणार. रोजंदारीवाल्याची नोट ती. सरकारी अनुदान नाही, शेठ नाही. या नोटांवर आपलं संगीत पन्नास-साठ वर्षं चाललं. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) शेवटच्या कडव्यात 'वामन' घालायचे म्हणून त्यांचं नाव वाचलं. कंपनीनं, गायकानं गाळलं तरी गाण्याच्या पोटात राहिलं.

पण ढोलकवाला कडवं लिहीत नाही.

१५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटला, चार काळ्या मुली मेल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेननं 'अलाबामा' वाजवलं. एक शब्द नाही. पियानोवर मकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. हे मी हुडकेश्वरात बसून सांगू शकतो. ज्या पार्टीवर माझ्या बापानं रात्र रात्र नोटा ठेवल्या, तिचा ढोलक कोण वाजवायचा हे वस्तीत कोणाला सांगता येत नाही. आपल्याला शब्द म्हणजेच गाणं वाटतं. शाहिराचा सत्कार, शाल, फोटो. ठेका धरून बोटं फुटलेला माणूस म्हातारपणी कुठं आहे, विचारलं का कोणी? १४ एप्रिलला डी. जे. साठी लाखाची वर्गणी निघते. त्यातले दोन हजार कोणा बँजोवाल्याच्या दवाखान्याला काढा म्हटलं तर मंडळाचा अध्यक्ष घड्याळ बघतो.

आम्ही पाच-सहा जणांनी एक वही केली आहे. दीक्षाभूमीवर विजयादशमीला विकत घेतलेल्या जुन्या कॅसेटी घरोघरच्या पेट्यांतून काढतो, ऐकतो, मोबाईलवर उतरवून घेतो, एकमेकांना सांगतो. वहीत रकाने: कॅसेट, साल, गायक, गीतकार, पेटी, बँजो, ढोलक, कोरस, आणि माणूस आज कुठं राहतो, जगतो कसा. गायक-गीतकाराचे रकाने भरतात. पुढचे भरायला गल्लीबोळातून फिरावं लागतं. आतापर्यंत एकेचाळीस कॅसेटी झाल्या. ढोलकाच्या रकान्यात नऊ नावं आहेत. त्यातले चार जण हयात. एकाकडे ढोलक नाही, गहाण टाकून गेला तो सुटलाच नाही. त्याच्यासाठी या महिन्यात माणशी पन्नास काढले आहेत. तुमच्या वस्तीत कॅसेटी असतील तर टाकू नका. आणि कोरसमधल्या बायांची नावं विचारा, त्या रकान्यात आमच्याकडे अजून एकच आहे.