काळा कोट नसलेली वकिली : सिनेमा, क्रिकेट आणि वाहिन्यांच्या ऑफिसातला वकील

पनवेल : बारावीचा आणि पदवीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची विचारणा सुरू होते. "मुलीला लॉ करायचंय, पण कोर्टाच्या चकरा नकोत. दुसरं काही होतं का त्यातून?" पूर्वी आम्ही बँक, विमा कंपनी, सरकारी खातं अशी दोन-तीन नावं सांगून मोकळे व्हायचो. आता या यादीत आणखी एक नाव घालावं लागेल, ते म्हणजे मनोरंजन, क्रीडा आणि प्रसारमाध्यमांच्या कंपन्यांतला पगारी वकील. आपल्या भागातल्या मुलांना हे क्षेत्र अजून फारसं माहीत नाही, म्हणून ही माहिती.

रायगडने बॅरिस्टर अंतुले पाहिले आहेत. त्यामुळे वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट येतं, नाही तर राजकारण. सनद, वकील, फिर्याद, दस्तऐवज, हक्क, कायदा हे सगळे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि इथलेच झाले. पण इथे ज्या वकिलाची गोष्ट आहे तो महिनोन् महिने कोर्टाची पायरी चढत नाही. त्याची अशील एकच, त्याची कंपनी. त्याचं काम भांडण लढण्याचं कमी आणि भांडण होऊ नये म्हणून आधी कागद नीट करण्याचं जास्त.

काम नेमकं काय?

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आठवा. नागपूरचे फुटबॉल प्रशिक्षक विजय बारसे यांच्या कामावरचा हा सिनेमा, अमिताभ बच्चन प्रमुख भूमिकेत. निर्मात्यांनी बारसे यांच्याकडून हक्क घेतले होते. पण हैदराबादच्या एका चित्रपटकाराने दावा ठोकला की बारसे यांच्या हाताखाली घडलेला खेळाडू अखिलेश पॉल याच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच विकत घेतलेत. २०२० मध्ये तेलंगणातल्या न्यायालयाने प्रदर्शनाला मनाई केली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्यांना दिलासा दिला नाही. सिनेमा अखेर ४ मार्च २०२२ ला थिएटरात आला.

कोण बरोबर, कोण चूक यात आम्ही शिरत नाही. पण सिनेमा सुरू होण्याआधी कंपनीच्या वकिलाने जे प्रश्न विचारायचे असतात ते या एका प्रकरणात सगळे दिसतात. गोष्ट कुणाची? गोष्टीत येणारी माणसं कोण? त्यातल्या कुणी आधी कुणाला काही लिहून दिलंय का? जमिनीच्या व्यवहारात आपण जसा सातबारा आणि फेरफार मागे मागे तपासत जातो, तसेच कथेचे हक्क कुणाकडून कुणाकडे आले हे तपासायचं असतं. या धंद्यात त्याला 'चेन ऑफ टायटल' म्हणतात. त्यातली एक कडी सुटली तरी तयार सिनेमा डब्यात पडून राहतो.

नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नसतो. १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवलं आहे. कल्पना मोकळी असते, तिची मांडणी संरक्षित असते. तरीही कुणी विश्वासाने ऐकवलेली कल्पना परस्पर वापरली तर गोपनीयतेचा भंग होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये 'कन्हैया' या मालिकेच्या संकल्पनेवरच्या वादात तसं मानलं. म्हणूनच मोठ्या वाहिन्या लेखकाची गोष्ट ऐकायच्या आधी कागदावर सही मागतात. आपल्यातल्या लिहिणाऱ्या पोरांना तो अपमान वाटतो. अपमान नाही, पण सही करण्याआधी वाचावं जरूर.

संहिता हातात आली की वकील ती पानापानाने वाचतो. पात्राच्या टी-शर्टवर कुठल्या कंपनीचं नाव आहे, मोबाईलची रिंगटोन कुठल्या गाण्याची, भिंतीवरचं चित्र कुणाचं, खलनायकाचं नाव एखाद्या खऱ्या माणसाशी जुळतं का, अशा बारीक गोष्टी तो शोधतो. कर्जत-खालापूरकडच्या फार्महाऊसवर शूटिंग असेल तर मालकाशी लोकेशनचा करार लागतो. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीने फरशी फुटली तर भरपाई कुणाची, तेही त्यात लिहावं लागतं.

लहान मूल काम करणार असेल तर आणखी कागद. बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, म्हणजे पनवेलच्या शूटिंगसाठी प्रकरण अलिबागला जातं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. मालिकेत मूल काम करतंय म्हणून खुशीत असणाऱ्या किती आईबापांना हा शेवटचा नियम माहीत असतो?

गाण्याचे पैसे कुणाचे

या क्षेत्रातला सगळ्यात वादाचा भाग संगीताचा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की सिनेमासाठी गाणं लिहून दिलं, चाल लावून दिली की त्याचा हक्क निर्मात्याकडे जातो. पुढची पस्तीस वर्षं गीतकार आणि संगीतकार एकरकमी पैशांवर राहिले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. आता थिएटरातलं सिनेमाचं प्रदर्शन सोडून गाण्याचा इतर जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा वाटा आहे, आणि हा वाटा त्याने सही करून सोडून दिला तरी ते सोडणं कायद्यात टिकत नाही. वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला मात्र तो देता येतो.

आमच्या वाचकांत कव्वाल आहेत, शाहीर आहेत, यूट्यूबवर नात आणि गझल गाणारी मुलं आहेत. त्यांनी कायद्याचं कलम १९ तरी कुणाकडून समजून घ्यावं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो परत तुमच्याकडे येतो. आणि करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क आपोआप दिले असं होत नाही. कंपनीचा वकील नेमका याच रिकाम्या जागा भरायला बसलेला असतो, म्हणून त्याचा करार वीस पानांचा आणि तुमचा अर्ध्या पानाचा असतो.

जाता जाता, लग्नाची वरात आणि लग्नातले कार्यक्रम यात गाणी वाजवली तर तो कॉपीराइटचा भंग नाही, असं कलम ५२ मध्येच आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं. हॉलवर कुणी परवान्याचे पैसे मागत आलं तर हे ध्यानात ठेवा. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला मात्र ही सूट नाही.

आता नवा विषय आवाजाचा आणि चेहऱ्याचा. अनिल कपूर यांचं 'झकास' आणि जॅकी श्रॉफ यांचं 'भिडू' हे मुंबईच्या मराठीतले शब्द; पण या दोघांच्या नावाशी, चेहऱ्याशी, बोलण्याच्या ढबीशी जोडून त्यांचा धंदा करायला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ आणि २०२४ मध्ये मनाई केली. अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रोखली, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. डबिंग कलाकाराच्या करारात एआयबद्दल एक ओळ असावी की नसावी, यावर सध्या कंपन्यांच्या वकिलांची बरीच डोकेफोड चालू आहे.

खेळातले वकील

पनवेलहून नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम किती जवळ! २ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, आणि जानेवारीत तिथेच कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले होते. अशा प्रत्येक कार्यक्रमामागे प्रसारणाचे हक्क, जाहिरातीच्या फलकांचे करार, तिकिटांच्या अटी, विमा आणि पोलिसांच्या परवानग्या असा कागदांचा ढीग असतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढ्या रकमेच्या करारात एका शब्दाची किंमत काय, याचा अंदाज करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. कायदाच बदलला तर करार कसा सुटतो, उरलेले पैसे कुणी कुणाला द्यायचे, हे करारातल्या एका कलमावर ठरतं. ते कलम काही वर्षांपूर्वी कुणीतरी बसून लिहिलेलं असतं.

खेळाडूच्या बाजूनेही वकील लागतो. विरारच्या पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, खोकल्याच्या औषधात असणाऱ्या टर्ब्युटॅलिनमुळे. जाणूनबुजून घेतलं नाही हे त्याचं म्हणणं मान्य झालं, तरी शिक्षा टळली नाही. पॅरिसच्या ऑलिम्पिकदरम्यान विनेश फोगाटचं प्रकरण क्रीडा लवादापुढे गेलं आणि १४ ऑगस्ट २०२४ ला फेटाळलं गेलं, तेव्हा असा लवाद असतो हे घराघरात कळलं. त्याचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा २०२५ मध्ये झाल्यामुळे देशातल्या क्रीडा संघटनांनाही आता कायदा जाणणारी माणसं जास्त लागतील, असा आमचा कयास आहे.

बातमीच्या खोलीत

हा भाग आमच्या वाचकांना जवळचा. २०२० च्या टाळेबंदीत तबलिगी जमातीवर जे दाखवलं गेलं ते आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या प्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुढे २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने याच विषयावरच्या कार्यक्रमांसाठी दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला. वाहिनीच्या ऑफिसातला वकील हेच सगळं प्रसारणाआधी बघायला असतो. तो "हे शीर्षक चालणार नाही" म्हणू शकतो. संपादक ऐकेलच असं नाही, पण खोलीत म्हणणारं कुणी असणं आणि नसणं यात फरक पडतो. आपली मुलं त्या खोलीत असावीत असं आम्हाला वाटतं, ते आपल्या बाजूने बातमी वळवायला नव्हे, तर बातमी तपासून जावी म्हणून.

सनदेचा पेच

ही गोष्ट जाहिरातबाज क्लासवाले सांगत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणारा माणूस वकिलीचा व्यवसाय करू शकत नाही. नोकरी लागली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरी सोडल्यावर अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. म्हणजे ऑफिसातला वकील कोर्टात कंपनीसाठी स्वतः उभा राहत नाही. बाहेरचा वकील नेमतो आणि त्याला माहिती पुरवतो.

याचे दोन परिणाम गंभीर आहेत. पहिला न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. सनद स्थगित ठेवून केलेली नोकरी त्या वकिलीत बसत नाही. म्हणून ज्या मुलाच्या मनात जज व्हायचं आहे, त्याने आधी तीन वर्षं पनवेल, अलिबाग किंवा मुंबईच्या कोर्टात घालवावीत आणि मग नोकरीचा विचार करावा. दुसरा परिणाम गोपनीयतेचा. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात जे खास संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी वकिलाला मिळत नाही, असं ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्याला मर्यादित संरक्षणच आहे. ईमेलवर काय लिहायचं आणि काय नाही, हे त्यामुळे पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं.

पनवेलहून सुरुवात

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, दोन्हीकडे राज्याची सीईटी. नवीन पनवेलमध्ये भागूबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे, मुंबईला जायलाच हवं असं नाही. पदवीनंतर सनदेसाठीची नोंदणी फी सर्वसाधारण गटाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

सिनेमा-वाहिन्यांची ऑफिसं बहुतेक अंधेरी, गोरेगाव, मालाड, लोअर परळकडे. पनवेलहून अंधेरीला हार्बरची थेट लोकल आहे, पण रोजचा प्रवास लांबचा. सुरुवातीची इंटर्नशिप अनेकदा बिनपगारी किंवा पासापुरत्या पैशांची असते. घरची परिस्थिती बेताची असेल त्याने हे आधी मोजून घ्यावं. मोठ्या वाहिनीत शिरकाव लगेच होत नाही. छोट्या निर्मिती संस्थेत, संगीत कंपनीत, नाही तर या विषयाचं काम करणाऱ्या बाहेरच्या वकिलाच्या चेंबरमध्ये दोन-तीन वर्षं काढून लोक तिकडे जातात. इंग्रजी करार लिहिता यायला हवाच. पण मराठी मालिका आणि मराठी ओटीटीच्या कामात संहिता वाचून त्यातली शिवी, जात, टोमणा ओळखणारा माणूस लागतो, आणि तिथे पनवेलच्या मुलाला मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही येतात याचा उपयोग होतो.

अर्ज करताना नुसती मार्कशीट पाठवू नका. एखाद्या ओळखीच्या गायकाचा किंवा लेखकाचा जुना करार मागून घ्या, नावं झाका, त्यात काय सुटलंय यावर दोन पानं लिहा आणि ती सोबत जोडा.