मंत्र्याने धंदा करू नये

संयुक्त अरब अमिरातीच्या संविधानातल्या 62व्या कलमात एक स्पष्ट बंदी आहे. पंतप्रधान, उपपंतप्रधान किंवा कोणताही मंत्री पदावर असेपर्यंत व्यापार, व्यवसाय वा पैशाचे उद्योग करणार नाही. संघराज्याच्या किंवा एखाद्या अमिरातीच्या सरकारशी व्यापारी व्यवहारही करणार नाही. 2 डिसेंबर 1971 रोजी संघराज्य जन्माला आले, तेव्हापासून ही बंदी कागदावर आहे. मात्र तिचा उगम या किनाऱ्यावरचा नाही.

इथे सत्ता आणि व्यापार पिढ्यान्‌पिढ्या एकाच बैठकीवर बसत आले. 1819 साली मुंबईहून निघालेल्या इंग्रजांच्या आरमाराने रास अल खैमा घेतले आणि 1820 मध्ये शेखांशी तह झाला. पुढे 1873 पर्यंत आखातातला इंग्रजी कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली चाले. शारजात इंग्रजांचा जो देशी वकील असे, तो बहुधा व्यापारीच. पगार तुटपुंजा. पण कोणते गलबत कुठून आले, कोणत्या शेखाचे कोणाशी बिनसले, हे त्याला पेढीवर बसल्या बसल्या कळे. त्याचा खासगी व्यापार हा दोष नव्हता, तीच त्याची लायकी होती.

बंदीचे मूळ सापडते कैरोत. इजिप्तच्या 1923च्या संविधानातले 64वे कलम म्हणते की मंत्र्याने सरकारी मालमत्ता विकत किंवा भाड्याने घेऊ नये, जाहीर लिलावातसुद्धा नाही. मंत्रिपदाच्या काळात कोणत्याही कंपनीचे संचालकपद स्वीकारू नये. लिलावाचा हा उल्लेख थांबून वाचावा असा आहे. लिलाव उघड्यावर होतो, बोली सगळ्यांसमोर लागते, मग अडचण काय? अडचण लिलावाच्या आधीची आहे. कोणती जमीन विकायची, कधी विकायची आणि शेजारून रस्ता जाणार की नाही, हे मंत्र्याला ठाऊक असते. ज्याने हे कलम लिहिले त्याला माणसांची चांगली पारख होती. त्या काळच्या इजिप्तमध्ये राजकारणी पाशा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सर्रास बसत.

कुवेतने 1962 मध्ये संविधान केले तेव्हा मसुद्याला हात लावणारे कायदेपंडित उस्मान खलील उस्मान इजिप्तचेच होते. तिथल्या 131व्या कलमाने कैरोची बंदी उचलली आणि आणखी आवळली. धंदा ‘अप्रत्यक्षपणे’सुद्धा नको, सरकारी मक्त्यांत भागीदारी नको, स्वतःची मालमत्ता सरकारला विकणे किंवा भाड्याने देणेही नको.

काही वर्षांतच आखाती संस्थानांच्या संघाचा मसुदा करायला कुवेतमधल्याच आणखी एका इजिप्शियन पंडिताला, वाहिद राफत यांना बोलावले गेले. बंदी अबू धाबीपर्यंत आली, पण वाटेत तिचे दात पडले. 1971च्या मजकुरात ‘अप्रत्यक्षपणे’ नाही, लिलाव नाही, संचालकपदाचा उल्लेख नाही. एक सोय मात्र नव्याने आली: संघराज्याच्या मंत्र्याला एखाद्या अमिरातीत एक सरकारी पद ठेवता येते, एकाहून अधिक नाही. सात शासकांना एकत्र आणायचे तर एवढी मोकळीक लागणारच होती, हे समजण्यासारखे आहे. पण भाऊ, मुलगा किंवा पेढीवरचा माणूस मध्ये उभा राहिला तर काय, या प्रश्नाला कुवेतच्या एका शब्दाने उत्तर दिले असते. तो शब्द गाळणे ही साधी काटछाट नव्हती.

भारताच्या संविधानात तर मंत्र्यांच्या धंद्यावर अशी थेट बंदीच नाही. मंत्र्यांसाठीची 1964ची आचारसंहिता आहे, पण ती कायदा नव्हे. मात्र सरकारी कंत्राट हाती असलेला माणूस आमदार-खासदार होऊ शकत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम 9अ आपल्याकडे निवडणूक अर्जांच्या छाननीत आजही उकरून काढले जाते, कारण विरोधी उमेदवाराला त्यात रस असतो.

अमिरातीत असा रस असलेला कोणी नाही. तिथल्या राष्ट्रीय परिषदेचे 40 सदस्य, त्यातले निम्मे 2006 पासून निवडून येतात; पण परिषद मंत्र्यावर अविश्वास आणू शकत नाही. अमिरातीच्या संविधानातल्या 64व्या कलमानुसार मंत्रिमंडळ राष्ट्राध्यक्षांना आणि सर्वोच्च मंडळाला जबाबदार असते, आणि त्या मंडळात बसतात सात अमिरातींचे सात शासक.