लक्ष्मीबाई टिळक : वियोगातून श्रद्धेकडे

मराठी आत्मचरित्रांच्या दालनात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान आजही अढळ आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विनोदासाठी आणि घरगुती, प्रसन्न भाषेसाठी वाखाणला जातो. ते योग्यच होय. तथापि त्या विनोदाच्या तळाशी एका श्रद्धेच्या जडणघडणीचा इतिहास आहे. तिकडे वाचकाचे लक्ष क्वचितच जाते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की, सारे घर त्याच्या धाकाखाली वावरत असे. १८८० मध्ये कोवळ्या वयात त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, विद्वान आणि कमालीचे उदार. पण तितकेच तापट व अव्यवहारी होते. एका गावी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे फिरत राहिली. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाली. त्या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

या वेळी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आपल्या नातलगांकडे होत्या. पती जिवंत असून संसार संपला होता. कपाळी कुंकू होते, पण सौभाग्यवतीचे स्थान उरले नव्हते. शोकाने त्यांचे मन सैरभैर झाले. नातलगांनी त्यांना मायेने सांभाळले, ही गोष्ट लक्ष्मीबाईंनी पुढे कृतज्ञतेने नोंदविली आहे. टिळकांनीच त्यांना अक्षरओळख करून दिली होती. त्या तुटपुंज्या विद्येच्या बळावर त्यांनी याच काळात आपल्या दुःखाला पद्यरूप दिले. पुढे कवयित्री म्हणून ओळखल्या गेलेल्या लक्ष्मीबाईंच्या रचनेचा उगम या वियोगात आहे.

जवळजवळ पाच वर्षे हा वियोग चालला. या काळात त्यांच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. पती परत मिळावा म्हणून मनाविरुद्ध धर्म बदलणे ही एक. पतीचा द्वेष करून त्याचे नाव टाकणे ही दुसरी. लक्ष्मीबाईंनी दोन्ही नाकारल्या. त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे बरोबर घेऊनच. एका छपराखाली ख्रिस्ती पती आणि सोवळ्यातला स्वयंपाक करणारी पत्नी असा संसार पुन्हा सुरू झाला. ज्याच्या पायी इतके सोसले, तो जातिधर्म पुढे त्यांच्याच विचारांच्या कसोटीला लागला. जातिभेद देवाने केलेले नाहीत, ते माणसांनी उभारले, असा निर्णय त्यांच्या मनाने दिला. आणि निर्णय होताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. बालपणीच्या सोवळ्याचा धाक आठवला, म्हणजे या निश्चयाचे मोल ध्यानी येते. त्यानंतरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने हाल संपले नाहीत. टिळकांच्या दातृत्वापुढे घरखर्चाचा मेळ कधीच बसत नसे. दारी आलेल्या पोरक्या मुलांना घरात जागा मिळे आणि त्यांचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. ज्यांना देवाने भेटीला आणले त्यांना आपलेसे करावे, हा त्यांचा नित्याचा धर्म झाला. बालकवी ठोमरे अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांनाही या माउलीची माया लाभली. तेथे जात किंवा धर्म आड आला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे बंधन सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि संसार पुन्हा अनिश्चिततेत लोटला गेला. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले.

संकटे माणसाला घडवितात, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळांना ती कडवट करतात. लक्ष्मीबाईंच्या लेखनात कडवटपणा सापडत नाही. पतीचा तऱ्हेवाईकपणा त्या झाकत नाहीत, पण त्याची थोरवीही कमी करीत नाहीत. सोडून आलेल्या हिंदू आप्तांविषयी त्यांच्या लेखणीतून अनादराचा शब्द उतरत नाही. आपली स्वतःची फजिती तर त्या सर्वांआधी सांगतात. वियोगाच्या वर्षांत त्यांनी मनाशी जी प्रामाणिकता राखली, तिचेच हे फळ मानावे लागेल. न पटलेले मानायचे नाही आणि पटलेले टाळायचे नाही, या शिस्तीने त्यांची श्रद्धा रुजली. म्हणून ती दुसऱ्याला दुखविणारी झाली नाही.

उत्तरायुष्यात त्या मुलाच्या कुटुंबासह कराचीस राहिल्या. फाळणीपूर्वी त्या शहरात मराठी मंडळींची चांगली वस्ती होती. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवर थांबले होते. ज्या धर्मांतराने एके काळी संसार मोडला, त्याच श्रद्धेचे हे काव्य लक्ष्मीबाईंनी उतारवयात हाती घेतले आणि त्याचे बहुतांश अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. मुलगा देवदत्त याने शेवट पूर्ण केल्यावर १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रकाशित झाला. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेणाऱ्या वाचकाने त्याच्या शेजारी ‘ख्रिस्तायन’ही ठेवावे. एका ग्रंथात त्या श्रद्धेची वाट आहे, दुसऱ्यात त्या वाटेचा मुक्काम.