भाड्याचा तास आणि योद्ध्याचं मोल

रोल-प्लेइंग प्रकारच्या जुन्या संगणकीय खेळांत कुठला क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, कामाचा, हा वाद बहुतेक वेळा ताकदीवरून घातला जातो. योद्धा किती घाव घालतो, मांत्रिक किती जाळतो, असा. मला हा हिशेबच अपुरा वाटतो. खेळात टंचाई कशाची आहे, त्यावर पात्राचं मोल ठरतं. मुंबईच्या उपनगरांत अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथल्या स्टेशनांजवळ २०००च्या आगेमागे जे सायबर कॅफे गजबजले, त्यांच्याकडे पाहिलं की हे स्पष्ट दिसतं.

मूळ खेळांत टंचाई मंत्रांची होती. १९८१च्या ‘विझर्ड्री’त सहा जणांची टोळी भुयारात उतरायची आणि शत्रूवर शस्त्र चालवणं फक्त पुढच्या तिघांनाच शक्य होतं. मांत्रिकाचे मंत्र मोजके. ते संपले की वर गावात येऊन सराईत मुक्काम केल्याशिवाय परत मिळत नसत. त्यामुळे सुरुवातीच्या मांत्रिकाचा सगळ्यात मोलाचा मंत्र जाळणारा नव्हता, तर शत्रूंच्या अख्ख्या घोळक्याला झोपवणारा होता. चोर मागच्या रांगेत उभा, लढाईत जवळजवळ निरुपयोगी. तरी त्याला बरोबर घेत, कारण लढाईनंतर मिळणाऱ्या पेटीचा सापळा काढायला तोच लागे.

उपनगरातल्या सायबरमध्ये टंचाई वेगळीच होती. तासाला २०-३० रुपये मोजून मुलगा बसे. तास भरला की मशीन दुसऱ्याचं. ‘डायब्लो २’ लॅनवर खेळताना पात्राची सेव्ह फाइल त्याच मशीनच्या हार्ड डिस्कवर राही. उद्या त्या मशीनवर कुणी आधीच बसलेलं असलं, किंवा मालकाने डिस्क फॉरमॅट केली, की आठवड्याची कमाई गेली. अशा ठिकाणी त्यातला योद्धा, बार्बेरियन, महाग पडतो. त्याचा घाव हातातल्या शस्त्राइतकाच जड, आणि चांगलं शस्त्र हाती लागायला तासच्या तास राक्षस मारत हिंडावं लागतं. मांत्रिक सॉर्सरेसचे मंत्र शस्त्रावर अवलंबून नाहीत, लेव्हलबरोबर मिळणारे पॉइंट घातले की ते वाढतात. अठराव्या लेव्हलला तिला टेलिपोर्ट मिळतो आणि चालण्यात जाणारा वेळही वाचतो. घरी निवांत खेळणाऱ्याला हा फरक सोयीचा. भाड्याने खेळणाऱ्याला तो थेट पैशांचा.

आणि म्हणूनच पुढे ‘डोटा’ तिथे इतका रुजला. ‘वॉरक्राफ्ट ३’वर उभ्या राहिलेल्या या खेळात प्रत्येक डाव पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो आणि साधारण तासाभरात संपतो. जपून ठेवायचं काहीच नसतं. रोल-प्लेइंग खेळांतली अनेक महिन्यांची वाढ इथे एका भाड्यात बसते. त्यात आता टंचाई सोन्याची. पाच जणांपैकी जो ‘सपोर्ट’ होतो, तो आपल्या सोन्यातून सामान पोचवणारं कुरिअर आणि नकाशावर नजर ठेवणारे वॉर्ड घेतो, स्वतः मागे राहतो आणि शेवटी डाव ओढणाऱ्या ‘कॅरी’ला मोठा होऊ देतो. क्रिस्टल मेडन ही अशीच एक सपोर्ट; तिच्या ऑरामुळे साथीदारांचा ‘माना’, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, भरत राहतो. किल्स मोजून तिचं मोल कळणार नाही. ‘विझर्ड्री’तल्या त्या चोराशी तिचं नातं मला थेट दिसतं.

यावर आक्षेप येतो की लांबलचक कथेचे खेळ सायबरमध्ये रुजले नाहीत ते वेळेमुळे नव्हे, त्यांतल्या इंग्रजीमुळे. तो पूर्ण खोटा नाही, ‘बाल्डर्स गेट’मध्ये वाचायला खरोखरच खूप आहे. पण ‘डोटा’तल्या शेकडो वस्तूंची आणि मंत्रांची वर्णनंही इंग्रजीतच होती, आणि मुलांनी ती तोंडपाठ केली. दुसरा आक्षेप ‘काउंटर-स्ट्राइक’चा. तिथे क्लास नाहीत, तरी गर्दी होतीच. खरं आहे. मात्र त्यातला राउंड काही मिनिटांत संपतो. म्हणजे तोही खेळ घड्याळाच्याच चाळणीतून गेलेला आहे.

स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर यातले बहुतेक कॅफे बंद झाले, काहींच्या जागी झेरॉक्सची दुकानं आली. त्या डिस्कवरची पात्रं गेली, पण वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या आयटमच्या याद्या, जुन्या सीडी, एखादी सेव्ह फाइल अजून कुणाच्या माळ्यावर असेल. हा इतिहास लिहायला दुसरं साधन नाही. ते सामान कृपा करून रद्दीत देऊ नका.