सात पायऱ्या आणि बदलीचा हुकूम

महादेवपुऱ्याच्या परिसरात आज संगणक-उद्योगातील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने दिसत असली, तरी मराठी माणसास बंगळुरास आणणारी एक जुनी वाट बँकेच्या दारातून आलेली आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या वाटेचा इतिहास नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दिनांक १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र आणि बंगळुरात मुख्यालय असलेली कॅनरा बँक या दोन्ही त्यांत होत्या. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. प्रत्येक नव्या शाखेस व्यवस्थापक हवा होता. कारकून म्हणून लागलेल्या तरुणास वर चढण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

राष्ट्रीयीकृत बँकांतील अधिकाऱ्यांच्या सात श्रेणी १९७९ साली निश्चित झाल्या: पहिली कनिष्ठ, दुसरी व तिसरी मध्यम, चौथी व पाचवी वरिष्ठ आणि शेवटच्या दोन उच्च व्यवस्थापनाच्या. परंतु पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताच देशात कोठेही बदली होण्याची अट लागू होई. बढतीचे पत्र हाती पडताच घरात मुलांची शाळा, वृद्ध आईवडील, पत्नीची नोकरी असे प्रश्न उभे राहत. कित्येकांनी बढती नाकारून अखेरपर्यंत कारकुनीच पत्करली. त्यांस महत्त्वाकांक्षा नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांनी हुकूम स्वीकारला, त्यांच्या मुलांनी दर तीनचार वर्षांनी नवी शाळा आणि नवी भाषा पाहिली.

या सात पायऱ्यांच्याही खालून चढण्यास आरंभ करणाऱ्या व्यक्ती झाल्या. मुंबईच्या प्रतीक्षा तोंडवलकर यांस विसाव्या वर्षी वैधव्य आले. शालेय शिक्षण अपुरे होते. त्या स्टेट बँकेत सफाई कामगार म्हणून लागल्या. काम सांभाळून त्या दहावी व बारावी उत्तीर्ण झाल्या आणि रात्रमहाविद्यालयात शिकून १९९५ साली मानसशास्त्राच्या पदवीधर झाल्या. सफाई कामगाराच्या कारकून झाल्या, २००४ साली प्रशिक्षणार्थी अधिकारी आणि २०२२ साली सहायक महाव्यवस्थापक, म्हणजे पाचव्या श्रेणीच्या अधिकारी. ज्या बँकेची जमीन पुसली, तिच्याच कारभारात त्यांस अधिकाराची खुर्ची मिळाली.

आज बँकांची जुनी नावेही पुसली जात आहेत. बंगळुरात मुख्यालय असलेली विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. निवृत्त अधिकाऱ्याचा हुद्दा सेवापुस्तिकेत राहील. मात्र त्याच्या बदलीपायी कोणी नोकरी सोडली, कोणी गावाकडे एकटे राहिले, याची नोंद कोणत्याही बँकेच्या दप्तरात नाही. ती घराघरांतच आहे. म्हणून आमची सभासदांस विनंती आहे की, घरातील नियुक्तीपत्रे व बदलीचे हुकूम जपून ठेवावेत आणि त्यांच्या पाठीवर त्या त्या वर्षी घरात काय घडले, हे वडीलधाऱ्यांस, विशेषतः आई-आजीस, विचारून लिहून काढावे.