नळीवरचा राघू

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊस आणि डाळिंब आले. पण जिथे पाणी पोचले नाही त्या रानात भरवशाचे पीक आजही शाळूच. कणसात दाणा भरू लागला की पोपटांचे थवे उतरतात. मग माळ्यावर चढून गोफण फिरवायची, डबे बडवायचे, दिवसभर राखण करायची. कालपरवापर्यंत अशी राखण करणाऱ्या कित्येक घरांच्या सोप्यात त्याच जातीचे एक पाखरू पिंजऱ्यात असे. त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची मिळे आणि त्याच्याकडून ‘विठू विठू’ घोकून घेतले जाई. रानात चोर ठरलेले पाखरू घरात लेकरू कसे होते, या प्रश्नाची उत्तरे आपल्या जुन्या वाङ्मयात विखुरलेली आहेत. ती एकत्र मांडली की राघू ‘पढवणे’ या साध्या दिसणाऱ्या छंदाची दुसरी बाजूही दिसते.

ही विद्या फार जुनी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. नागरकाच्या दिनक्रमात जेवणानंतरचा वेळ त्यासाठी राखलेला आहे. भारतातल्या या पक्ष्याची कीर्ती त्याच्याही आधी बाहेर पोचली होती. इराणी दरबारातल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास त्याचे वर्णन केले. हा पक्षी भारतीयांची भाषा माणसासारखी बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो सांगतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी मात्र शिकवण्याची रीत सांगतो ती वेगळीच: पोपटाचे डोके इतके कठीण, की शिकवताना त्यावर लोखंडी कांबीने मारावे लागते! भारतात ज्या कामासाठी दुपारचा निवांत वेळ राखलेला, त्यासाठी रोममध्ये मार सुचवला जात होता.

पोपट खरोखर शिकतो कसा, याचे निरीक्षण अमरुशतकातल्या एका प्रसिद्ध श्लोकात सापडते. नवदांपत्याचे रात्रीचे बोलणे घरातला पोपट ऐकतो आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तेच बोलू लागतो. लाजलेली सून डाळिंबाचा दाणा देण्याच्या मिषाने कानातले माणिक त्याच्या चोचीत कोंबते. इथे पोपटाला कोणी काही पढवलेले नाही. माणसे एकमेकांशी जिव्हाळ्याने जे बोलली, ते त्याने आपणहून उचलले. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 पासून अॅलेक्स या आफ्रिकी करड्या पोपटावर तीस वर्षे काम केले, तेव्हा त्यांनी हेच तत्त्व वापरले. पोपटासमोर दोन माणसे बसत. एक वस्तू दाखवून नाव विचारी, दुसरा उत्तर देई आणि बरोबर आले तर ती वस्तूच त्याला मिळे. पोपट त्या संभाषणात शिरण्यासाठी शब्द शिकत असे. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला आपण ‘पोपटपंची’ म्हणतो. त्यात पोपटावर थोडा अन्यायच होतो.

मग पाखरू लहानच का लागते? दुसऱ्या शतकातला अपुलेयस शिकवणीला पहिली दोन वर्षे उत्तम मानतो. आपल्याकडेही घरात आणायचे ते पिल्लूच. नराच्या गळ्याभोवती काळे-गुलाबी कडे येते ते साधारण तिसऱ्या वर्षी. शिक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. याचे कारण अलीकडच्या अभ्यासातून उलगडू लागले आहे. कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या एका छोट्या जातीच्या रानपोपटांच्या घरट्यांत ध्वनिमुद्रण केले. पिल्लांचे स्वतःची ओळख सांगणारे विशिष्ट आवाज आईबापांच्या आवाजांवर बेतलेले असतात, म्हणजे ते एक प्रकारे नावच असते, असे त्यातून दिसले. आपल्या राघूबाबतही असेच असेल तर पिंजऱ्यातला ‘मिठू मिठू’ वेगळ्या कानांनी ऐकावा लागतो. थवा हरवलेले पिल्लू मिळालेल्या घरालाच थवा मानते आणि त्या घराने दिलेल्या नावाने साद घालते. माणूस आणि पोपट यांचे नाते खरेच असते. पण ते एका ताटातुटीवर उभे असते.

ही ताटातूट आपल्या वाङ्मयाने लपवलेली नाही. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त गोष्ट सांगतो तो वैशंपायन नावाचा पोपट. तो आपल्या जन्मापासून सुरुवात करतो. शाल्मलीच्या प्रचंड वृक्षाची ढोली, जन्मताच गेलेली आई, थकलेल्या पंखांनी त्याला वाढवणारा म्हातारा बाप. मग एक वृद्ध शबर झाडावर चढतो, ढोल्यांत हात घालून पक्ष्यांना एकेक करून बाहेर काढतो आणि मारून खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडलेले पिल्लू वाळलेल्या पानांवर पडते म्हणून वाचते. जाबाली मुनींचा मुलगा हारीत त्याला आश्रमात नेतो. याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने ‘नॉव्हेल’ला कादंबरी हे नाव दिले. आपल्या सर्वांत लोकप्रिय गद्यप्रकाराच्या नावामागे घरटे लुटल्या गेलेल्या पिल्लाची कैफियत आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मोठा पोपट पकडण्याची युक्ती ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, शके 1212 मध्ये (इ.स. 1290), नोंदली गेली. दोरीत ओवलेली पोकळ नळी टांगायची. पोपट बसला की त्याच्याच भाराने ती फिरते, तो उलटा लटकतो. उडून जायला मोकळा असतो, पण आपण बांधले गेलो या समजुतीने तो नळी अधिकच आवळून धरतो. ज्ञानदेवांना सांगायचे आहे ते माणसाच्या देहाभिमानाविषयी, पण पाहिलेला आहे तो खरा फासेपारध्याचा डाव. भक्तिपरंपरेत याला जोड म्हणून गणिकेची कथा येते: पोपटाला रामनाम शिकवता शिकवता शिकवणारीच तरून गेली. पोपट मात्र पिंजऱ्यातच राहिला की कसे, ते कथा सांगत नाही.

जात्यावरच्या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी. घरच्या भाषेने पाखराला इतके जवळ घेतले, कायद्याने मात्र ते सोडायला सांगितले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 1990-91 मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. तरीही माघ ते चैत्र या विणीच्या दिवसांत ढोल्या धुंडाळणारे हात थांबलेले नाहीत. एका घरात एक पिल्लू ‘विठू’ म्हणते, तेव्हा त्यामागे वाटेत मेलेली किती, हे त्या घराला कधी कळत नाही.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी दर आषाढीला नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते. नळीवरच्या राघूचा दृष्टांत ज्या ग्रंथात आहे, त्याचे पारायण करणारे लोक त्या दिंड्यांत असतात. या वाटेच्या चौपदरीकरणात दोन्ही कडांची जुनी झाडे मोठ्या संख्येने गेली. पोपट स्वतः ढोली कोरून घर बांधणारा पक्षी नाही; म्हाताऱ्या झाडाची तयार पोकळी तो शोधतो, फार तर ती थोडी मोठी करून घेतो. नव्याने लावलेल्या रोपांना तशी पोकळी यायला कित्येक दशके लागतील. राघूवर ज्यांचा खरोखर जीव आहे, त्यांनी यापुढे पिंजऱ्याऐवजी बांधावरचे एखादे जुने लिंबाचे किंवा पिंपळाचे झाड सांभाळावे. शाळूची थोडी कणसे तो नेईल. नातेच जोडायचे, तर तेवढा खंड द्यायला हरकत नाही.